ऑइल प्रेशर स्विच बदलला, त्याचा अनुभव

गाडी गरम झाली की आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, जरा रेस दिली की गायब. असा दिवा दिसला की आधी इंजिन बंद करून ऑइलची लेव्हल बघायची, बाकी सगळं नंतर. लेव्हल बरोबर होती. मग हा दिवा लावणाऱ्या स्विचवरचं रबरी बूट (टोपण) मागे ओढलं तर आत तेल साचलेलं, म्हणजे मधल्या पिनपाशी स्विचच पाझरत होता.

तसा साधा पार्ट आहे हा, एकच वायर, अर्थिंग इंजिनच्या बॉडीतून मिळतं, प्रेशर नसताना आतला कॉन्टॅक्ट जुळलेला म्हणून चावी ऑन केली की दिवा लागतो आणि प्रेशर आलं की कॉन्टॅक्ट सुटून विझतो. वायर काढून इंजिनच्या मोकळ्या धातूला टेकवली, दिवा लागला, हवेत धरली, विझला. वायरिंग ओके.

इंजिन गार झाल्यावर जुना काढला, थोडं तेल येतंच, खाली चिंधी ठेवा. नव्याच्या आट्यांना सीलंट लावलं पण टोकाकडचे दोनेक आटे कोरडे सोडले. टेफ्लॉन टेप मला पटत नाही, तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला तर? आणि आवळताना जोर अजिबात नको, बऱ्याच स्विचचे आटे टेपर (टोकाकडे निमुळते) असतात, अॅल्युमिनियमचं केसिंग तडकलं की बसा बोंबलत. मॅन्युअलमधला टॉर्क (किती जोराने आवळायचं ते माप) बघूनच आवळला, सीलंट सुकू दिलं, स्टार्ट केली, दिवा लगेच विझला.

आता ऑइल बदलताना बूट उचलून बघतो. नवा स्विच टाकूनही दिवा राहिला तर मात्र गाडी चालवू नका, स्विच काढून त्याच भोकात गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या.