एअर रायफलचं प्रेशर उतरतंय? आधी पाना खाली ठेवा

डिसेंबर अर्धा सरला की मला फोन सुरू होतात. "काका, सिलिंडर लीक आहे, काल रात्री २०० बार भरला होता, सकाळी १८२ दाखवतोय." (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप.) मी विचारतो रात्री रायफल कुठे ठेवली होती, तर उत्तर ठरलेलं, गॅलरीत नाहीतर कारच्या डिक्कीत. लीक-बीक काही नसतं हो, इंदूरची थंडी असते.

हे सगळं १० मीटरवर नेम मारायच्या पीसीपी रायफलबद्दल आहे, आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालते आणि नळीखाली हवेचा सिलिंडर लागतो ती. स्प्रिंगवाल्या रायफलची दुखणी वेगळी. सिलिंडर भरता येतो असं धरूनच चालतो, फक्त दोन गोष्टी. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही, कुणीही कितीही सांगितलं तरी जोडायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कुठेतरी राहिलेला तेलाचा थेंब एकत्र आले की स्फोट होतो, मग लीक शोधायला कुणी उरत नाही.

आता खरी अडचण, जिच्यात मी स्वतः एक अख्खा हिवाळा घालवला.

हवा दाबली की तापते. भरून झाल्यावर सिलिंडरला हात लावून बघा, चांगला कोमट लागेल. त्या वेळी काटा २०० वर आहे म्हणजे गरम हवेचे २०० आहेत. हवा गार झाली की काटा खाली येणारच, एक कणही बाहेर न जाता. हिशोब सोपा आहे, २०० बारच्या आसपास दर ३ डिग्रीला साधारण २ बार. भरताना हवा ४५ डिग्रीला असेल आणि पहाटे खोली १२ ला, तर ३३ डिग्रीचा फरक, म्हणजे २०-२२ बार गेले. फोनवरच्या त्या १८२ चं रहस्य एवढंच.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी काय केलं, सिलिंडर रिकामा केला, ओ-रिंग (जोडातून हवा जाऊ नये म्हणून असलेली रबरी कडी) बदलली, परत भरला, सकाळी परत काटा खाली, परत ओ-रिंग. सियागंजच्या दुकानदाराने तिसऱ्या खेपेला विचारलं, "भिया, दुकान खोल रहे हो क्या?" तिसऱ्या वेळेला जुनी रिंग निघेना म्हणून मी शिवणाची सुई घातली आणि खाचेत केसाएवढा ओरखडा पाडला. त्या दिवसापासून सिलिंडर खरोखर लीक व्हायला लागला! जे नव्हतं ते मी स्वतःच्या हाताने तयार केलं, वर दुरुस्तीचे पैसे गेले ते वेगळेच, आणि घरी दोन महिने बोलणी खाल्ली.

म्हणून आता माझा नियम असा. भरल्यावर दोन तास सिलिंडर रायफलला न लावता घरातल्या कपाटात ठेवायचा. मग काटा बघायचा, सिलिंडरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलने आकडा, वेळ आणि खोलीचं तापमान लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत. खोलीचं तापमान साधारण तेवढंच असेल आणि काटा जागेवर असेल तर विषय संपला, जाऊन पोहे खा. छोट्या काट्यावर २-३ बारचा फरक डोळ्याचाही असतो, त्यासाठी जीव टाकू नका. तापमान तेच असून चोवीस तासांत १०-१५ बार गेले तर मात्र लीक आहे, तेव्हा पुढचं वाचा. उन्हाळ्यात हाच हिशोब उलटा लागतो. मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद कारमध्ये ठेवला की काटा कमाल दाबाच्या वर जातो, त्यामुळे मी मेमध्ये १८० च्या वर भरतच नाही.

सिलिंडर एकटा टिकतो पण रायफलला लावल्यावर उतरतो, तर दोष रायफलमध्ये. जोडावर भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने लावा, बुडबुडे दिसतील. नळीच्या तोंडाशी टिश्यूची पातळ पट्टी धरा (रायफल रिकामी, तोंड भिंतीकडे, आपण बाजूला), ती हलत असेल तर फायरिंग व्हॉल्व्ह. आणि बऱ्याच रायफलींत रेग्युलेटरला (सिलिंडरचा दाब उतरवून दर गोळीला सारखा ठेवणारा भाग) बाजूने एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून हवा येतेय म्हणजे आतली ओ-रिंग गेली. एका मुलाच्या वडिलांनी ते भोक एम-सीलने बुजवून आणलं होतं. बुजवू नका, हवा आत कोंडली की रेग्युलेटर भलताच दाब द्यायला लागतो.

कुठलाही जोड खोलण्याआधी हवा पूर्ण सोडा. काटा शून्यावर दिसला म्हणून भागत नाही, काटाही अडकतो. ओ-रिंग लाकडी टूथपिकने काढायची, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच साइज आणि तोच कडकपणा घ्यायचा, वर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. मशीनचं तेल नाही.

दुसरी तक्रार असते वेगाची. टार्गेटवर गोळ्यांचा ग्रुप उभा फाकतो, पहिली गोळी वर आणि बाकीच्या ठीक. लोक लगेच श्वासाला नाहीतर ट्रिगरला दोष देतात आणि कोचही मान डोलावतात. आधी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावा. मॅच रायफलचा वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. दहा गोळ्या मारा, मग पंधरा मिनिटं रायफल तशीच ठेवा, मग एक मारा. ती एकटीच सेकंदाला ५-६ मीटरने जास्त आली तर रेग्युलेटर सरकतोय, म्हणजे त्याची सीट नीट बसत नाही आणि विश्रांतीत दाब हळूहळू चढतो. वेगात ५ मीटरचा फरक म्हणजे १० मीटर अंतरावर जवळपास १ मिलिमीटर उंची. टार्गेटची एक रिंग अडीच मिलिमीटरची, म्हणजे तुमचा ०.४ पॉइंट श्वास घेण्याआधीच गेलेला असतो. दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा.

याच्यावर घरी एकच उपाय, ब्रेकनंतर दोन गोळ्या साइटरमध्ये (गुण न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्यांत) घालवा. रेग्युलेटर घरी खोलू नका, मी नाही खोलत. आत वाटीसारख्या वॉशरची चळत असते, एक उलटी बसली की सगळा दाब बदलतो. आर्मररकडे, म्हणजे रायफल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्या. बऱ्याचदा सीटवर पाण्याचा डाग निघतो आणि तो पावसाळ्यात हातपंपाने घाईघाईत भरलेल्या हवेचा असतो. पन्नास झटके झाले की थांबा, पंप गार होऊ द्या, ओलावा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा.

वेग शेवटाकडे सरळ उतरत गेला तर काही बिघडलेलं नाही, हवा संपत आलीय, भरा.

आणि सेकंडहँड रायफल घेताय तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. बऱ्याच कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी शूटरची असते. मागच्या महिन्यात एक ताई मुलीसाठी फार स्वस्त मिळाली म्हणून रायफल घेऊन आल्या, तारीख संपून तीन वर्षं झालेली. मी तो सिलिंडर भरला नाही. त्या रागावल्या, पण नवीन सिलिंडर घेतला त्यांनी.