‘स्टॅमिना १०’ म्हणजे दम नव्हे

एम.एस्सी.ला टॅक्सॉनॉमी, म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण, घेतली आणि पहिल्याच महिन्यात सरांनी एका झाडाच्या जुन्या वर्णनाची झेरॉक्स हातात ठेवली. सगळं लॅटिन. मधेच एक ओळ ओळखीची वाटली: ‘स्टॅमिना १०’. झाडाचा दम कसा मोजतात, या विचारात मी पाच मिनिटं घालवली. स्टॅमिना हे स्टॅमेनचं अनेकवचन. दहा पुंकेसर, एवढंच.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना पहिली ठेच इथेच लागते. शब्द इंग्रजीतून ओळखीचा असतो, म्हणून आपण कोशच उघडत नाही. स्टिग्मा म्हणजे कलंक नाही, कुक्षी, फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक. घेवड्याचं नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस, पण त्यात असभ्य काही नाही. व्हल्गॅरिस म्हणजे नेहमीचा, सगळीकडे आढळणारा. माझा नियम साधा आहे: शब्द जितका ओळखीचा, तितका आधी तपासायचा.

‘आता लॅटिन कशाला?’ असं ज्युनियर विचारतातच. १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीतही चालतं, हे खरं. पण १९३५ ते २०११ या काळात नव्या सपुष्प जातीसाठी लॅटिन सक्तीचं होतं. त्या काळातली जाती तपासायची तर मूळ वर्णन वाचावंच लागतं.

आता प्रत्यय. वर्गात शिकवतात की -अस पुल्लिंगी, -आ स्त्रीलिंगी, -अम नपुंसकलिंगी. स्वयंपाकघरात हे पटतंही: मुळा रॅफॅनस सटायव्हस, तांदूळ ओरायझा सटायव्हा, वाटाणा पायसम सटायव्हम. सटायव्हस म्हणजे पेरलेला, लागवडीचा. मग पिंपळ समोर येतो. फायकस रिलिजिओसा! फायकस तर -असवर संपतो, मग रिलिजिओसस का नाही? चिंचेचंही तेच, टॅमरिंडस इंडिका. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी मानतात, शेपूट काहीही असो. त्यामुळे लिंग नामाच्या टोकाकडे पाहून ठरवू नका, त्याच्या विशेषणाकडे पाहा. (वडाच्या बाबतीत तोही उपाय चालत नाही. बेंगालेन्सिसमधला -इस पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हीकडे तोच.)

-आ तर पक्का बहुरूपी. ‘प्लांटा’ म्हणजे एक रोप, पण ‘फोलिया’ म्हणजे पानं, फोलियमचं अनेकवचन. ‘ओव्हाटा’ हे विशेषण दोघांनाही बसतं. मी कितीदा तरी ‘फोलिया ओव्हाटा’ला एकच अंडाकृती पान समजून पुढे गेलो आहे.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर थोडी सूट मिळते. नपुंसकलिंगाची प्रथमा-द्वितीया सारखीच, ‘फलम्’सारखी. ‘रामेभ्यः’ चतुर्थीही आणि पंचमीही. लॅटिनचा -इबसही तसाच दोन घरांत राहतो. मात्र ‘फ्लोरिबस आल्बिस’ दिसलं की ‘पांढऱ्या फुलांसाठी’ किंवा ‘फुलांपासून’ असं लावायला जाऊ नका. लॅटिनमध्ये तृतीया वेगळी उरलेली नाही, तिचं काम पंचमीच उरकते. अर्थ ‘पांढऱ्या फुलांसह’, म्हणजे आपल्या भाषेत ‘फुलं पांढरी’. जुन्या वर्णनांत ही रचना पावलोपावली भेटते, तेव्हा आधी हीच घोटून घ्या.

सर्वांत जास्त छळलं ते ‘फ्रुक्टस’ने. एक फळ फ्रुक्टस, अनेक फळंही फ्रुक्टस, आणि ‘फळाचा’ म्हणायचं तरी फ्रुक्टस. उच्चारात फरक होता, स्वर ऱ्हस्व की दीर्घ एवढाच. छापताना तो दाखवत नाहीत. माझ्या वहीत एकदा ‘फ्रुक्टस ग्लोबोसी’समोर ‘फळ एक, गोल’ असं लिहिलेलं होतं. सरांनी वही परत दिली तेव्हा फ्रुक्टसला हात लावलेला नव्हता. ‘ग्लोबोसी’मधल्या शेवटच्या ‘सी’खाली मात्र लाल पेनाची रेघ होती, आणि समासात एकच प्रश्न: ‘हा ई कुणाचा?’