गावात ब्रेकर टाकताय? आधी या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता रस्ते सुटले. पण बदलापुरात घरी बसलो तरी आठवड्याला एखादा फोन येतोच. "रावसाहेब, गावात ब्रेकर टाकायचाय. वर्गणी जमलीय. पुढं काय करू?" वर्गणी आधी जमलीय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. खिशात पैसा खुळखुळायला लागला की कोणाला चौकशी करायची नसते, सगळ्यांना रविवारीच काम उरकायचं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रस्ता कोणाचा हे न विचारता त्यावर घमेलं टाकणं. रस्ता गावातून जातो म्हणून तो गावाचा होत नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामसडक योजनेतला नवा रस्ता असेल तर पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते. तुम्ही मध्ये खोदलंत की तो हात वर करायला मोकळा. नवी मुंबईकडे आणखी मजा. रबाळे-महापे पट्ट्यात तर रस्ता एमआयडीसीचा की महापालिकेचा इथूनच सुरुवात होते.

साधी खूण म्हणजे किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघायचं. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. पण दर्जा बदलला तरी दगड तसाच राहतो, म्हणून पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक लिहून आणायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. हा अर्धा दिवस वाचवणाऱ्यांची एक गोष्ट सांगतो.

शहापूर तालुक्यातलं एक गाव, नाव नको. शाळेसमोर मोटारसायकलने एका पोराला उडवलं, पाय मोडला. गाव पेटलं, ते साहजिकच होतं. त्याच संध्याकाळी 43,000 रुपये जमले. जवळच्या एका बांधकामावर उरलेलं काँक्रीट मिळालं आणि रात्री अकराला दोन ब्रेकर तयार. फूटभर उंच, दोन फूट रुंद, अगदी कुंपणाची भिंत आडवी पाडल्यासारखे. रंग नाही, बोर्ड नाही, वर दिवा नाही. तिसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोचा पाटा तुटला. आठव्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसलेली एक बाई उडून पडली. डोक्याला मार लागला. ती त्याच गावची सून. रस्ता निघाला प्रमुख जिल्हा मार्ग. खात्याने जेसीबी आणून दोन्ही ब्रेकर उखडले, सोबत खालचं डांबरही निघालं. 43,000 गेले आणि शाळेसमोर वर खड्डा पडला.

मला बोलावलं तेव्हा एक म्हातारे म्हणाले, "आमचा रस्ता हाय, आमीच टाकला, त्यात काय चुकलं?" मी वाद घातला नाही. डिकीतून सुतळी काढली आणि रस्त्यावर बारा फूट मोजून दाखवले. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या पुस्तिकेत गोलसर गतिरोधकाचं जे माप आहे ते 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे बारा फुटांत फक्त चार इंच चढ. त्यावरून गाडी ताशी 25 किलोमीटरने आरामात जाते, कंबर मोडत नाही. गतिरोधकाच्या 40 मीटर आधी सूचनेचा बोर्ड लागतो. म्हातारे पायाने अंतर मोजत गेले, परत आले आणि म्हणाले, "येवढा लांब? हा तं ओटाच झाला." पुढे रीतसर प्रस्ताव गेला, साडेचार महिने लागले, पण तो ब्रेकर आजही जागेवर आहे.

माझी सवय सांगतो. सुतळीबरोबर चार इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडाही माझ्याकडे असतो. काम चालू असताना तो उंचीचं माप म्हणून शेजारी ठेवला की ठेकेदाराला तोंडाने सांगावं लागत नाही. आणि डांबरी रस्त्यावर डांबराचाच गतिरोधक करा, खाली नीट झाडून आणि डांबराचा हात मारून. दोन्ही कडेला वीतभर फट सोडा. आपल्याकडचा पाऊस विसरून कडेपासून कडेपर्यंत बंद केलात तर जुलैत तिथे तळं साचतं आणि ऑगस्टपर्यंत ब्रेकरच्या अलीकडचं डांबर उखडलेलं असतं.

आता पैशाचं. "पंचवीस-पंधरामधून (म्हणजे ग्रामविकास खात्याच्या 2515 या लेखाशीर्षातून) मिळेल", "आमदार निधीतून होईल", "वित्त आयोग आहे ना", असं एका दमात बोलणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेचाच होता. रस्त्याच्या कामाला हात घालायचा तो अबंधित 40 टक्क्यांत, आणि तोही काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी घेतलेलं असेल तरच. आराखड्यात नाही म्हणजे त्या वर्षापुरता विषय संपला.

चार ठिकाणचे पैसे एकत्र करायला माझी ना नाही, उलट तसंच करावं. पण एका बाबीत दोन खिसे घालू नका. गतिरोधक आणि पट्टे अबंधित निधीतून, बोर्ड वर्गणीतून, सोलर ब्लिंकर कारखान्याकडून, असं वेगळं ठेवा आणि ग्रामसभेच्या ठरावात तसंच लिहा. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाच्या सरकारी नोंदवहीत, एक बाब एकदाच चढते. अर्धा गतिरोधक वर्गणीचा आणि अर्धा सरकारी केलात तर लेखापरीक्षक दुबार खर्च म्हणणार, आणि त्याचं काही चुकणार नाही.

वर्गणीचंही तसंच. भिवंडीच्या गोदाम पट्ट्यातल्या एका गावात पाच पोरांनी समिती केली आणि त्यातल्या एकाच्या फोनवरचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत 1,80,000 जमले, त्यातले बरेचसे गोदामवाल्यांचे. पोरगा सरळ होता, रुपयाला हात लावला नाही. पण त्याच खात्यात त्याचा पगार येत होता, त्याच खात्यातून पेट्रोल आणि बहिणीच्या साखरपुड्याचं केटरिंग गेलं होतं. ग्रामसभेत कोणीतरी स्टेटमेंट मागितलं आणि पोराचा चेहरा पांढरा पडला. मी त्याच्या शेजारी बसून दोन संध्याकाळी पेन्सिलने एकेका ओळीवर खुणा केल्या. हिशेब तंतोतंत जुळला, पण तोवर त्याचा काका आणि माजी उपसरपंच यांचं बोलणं बंद झालं होतं. अजून बंदच आहे. यावर उपाय जुनाच आहे: पैसा ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या खात्यात भरायचा आणि नमुना 7 ची, म्हणजे ग्रामपंचायतीची सामान्य पावती फाडायची. "भाऊसाहेब पावती द्यायला वेळ लावतात" ही ग्रामसेवकाबद्दलची तक्रार मला मान्य आहे, तरीही.

कंपनीकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चाचं बंधन मोठ्या कंपन्यांनाच आहे, प्रत्येक गोदामवाल्याला नाही. आणि मार्चमध्ये अर्ज घेऊन जाऊ नका, तोवर त्यांचा पैसा वाटून झालेला असतो. मी दिवाळीआधी पाठवतो.

बोर्डावरचं 'सौजन्य' हा माझा खास राग. मुरबाडच्या बाजूला एका वळणावर मी असा बोर्ड पाहिलाय, ज्यात वळणाचा बाण तळहाताएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो पाच. रस्त्यावरची चिन्हं लावायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 मध्ये शासनाकडे आणि शासनाने नेमलेल्यांकडे आहे, म्हणून बोर्डालाही रस्त्याच्या मालकाची ना हरकत घ्या. देणगीदाराचं नाव हवंच असेल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा.

आणखी एक चूक कोणाला चूक वाटतच नाही. अपघात झाला की दोन्हीकडची माणसं पारावर बसतात, औषधपाण्याचे पैसे ठरतात, मिटलं. माणुसकी म्हणून ठीक आहे. पण पोलिसांत नोंद नाही म्हणजे कागदावर त्या वळणावर काही घडलेलंच नाही. केंद्राच्या व्याख्येत सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू असतील तर तो ब्लॅक स्पॉट. जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीपुढे तुम्ही "खूप अपघात होतात" म्हणालात तर समोरचा माणूस आकडा विचारणार. राष्ट्रीय महामार्गालगतच्या गावांना तर हाच मार्ग उरतो, कारण तिथे गतिरोधक मिळत नाही, मिळाली तर चौकाची सुधारणा मिळते. तडजोड खुशाल करा, पण आधी नोंद करा.

किरकोळ बाबी पटापट. पट्ट्यांना ऑइल पेंट मारू नका, पहिल्या पावसात रस्ता आंघोळ करून मोकळा होतो. थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून मारायचा रंग, महाग आहे पण टिकतं. रंबल स्ट्रिप, म्हणजे ओळीने टाकलेले बारीक खडखडते उंचवटे, घरांना खेटून टाकू नका, रात्री डंपर गेला की झोपलेली पोरं उठून बसतात. प्रत्येक पुढाऱ्याच्या दारात एकेक ब्रेकर नको. वळण दोन गावांच्या हद्दीवर असेल तर दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकाच महिन्यात घ्या, नाहीतर एका गावचा ठराव जुना होईपर्यंत दुसरीकडे निवडणूक लागते. आणि रंगाचे पैसे पहिल्याच वर्गणीतून बाजूला काढा. नव्या कामाला सगळे देतात, तीन वर्षांनी रंगासाठी गेलात की चहा मिळतो.

बोर्ड चोरीला जातात त्याचंही सांगतो, कारण परवाच फोन आला होता. लोखंडी अँगल नुसता मातीत पुरला की महिन्यात भंगारात जातो. खाली दीड फूट काँक्रीट भरा आणि अँगलच्या तळाला एक आडवी सळई वेल्ड करून घ्या. ज्याचा फोन आला त्याला हे मी मागच्या मे महिन्यातही सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "रावसाहेब, वेल्डिंगवाला गावाला गेलाय, आता असाच पुरतो."