माडावरचे दोन भुंगे: कीटकशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

कृषी पदवीनंतर कीटकशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तुलनेसाठी कोणते कीटक निवडावेत असे विचारले, तर मी कोकणातल्या माडावरचे गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा सुचवतो. कोणती अवस्था कुठे राहून काय खाते, हा प्रश्न या दोघांइतका स्पष्टपणे फार थोडे कीटक विचारायला लावतात.

गेंड्या भुंगा, म्हणजे ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस, काळा आणि साडेतीन ते पाच सेंटीमीटर लांब असतो. नराचे शिंग मादीपेक्षा मोठे असते. येथे नुकसान करतो तो प्रौढ भुंगा. तो रात्री उडतो, शेंड्यातील सुईत, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या झावळीत, शिरून कोवळा भाग कुरतडतो आणि रस घेतो. पुढे झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या खुणा दिसतात, म्हणजे ती खूण जुन्या हल्ल्याची असते. चालू हल्ला ओळखायचा तर शेंड्यातील भोकाशी ताजा चोथा शोधावा लागतो. याची अळी मात्र जिवंत माडाला तोंडही लावत नाही. ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या खोडात वाढते, त्यामुळे अर्धे सर्वेक्षण उकिरड्यावरच करावे लागते, आणि नवख्यांना नेमके तेच नकोसे वाटते.

सोंड्या भुंगा, ऱ्हिंकोफोरस फेरुजिनिअस, तांबूस आणि लांब सोंडेचा असतो. त्याचे गणित उलटे आहे: खरी हानी पाय नसलेली अळी करते, आणि अंड्यापासून कोषापर्यंतचे तिचे आयुष्य जिवंत माडातच जाते. खोडावरच्या भोकातून झिरपणारा तपकिरी चिकट द्रव, बाहेर आलेला चोथा आणि खोडाला कान लावल्यावर ऐकू येणारी कुरतडण्याची करकर या खुणा वेळीच टिपल्या नाहीत, तर शेंडा कोलमडल्यावरच कीड कळते. पाच ते वीस वर्षांच्या माडांकडे अधिक लक्ष द्यावे.

दोघांच्या नोंदी वेगळ्या वह्यांत ठेवू नयेत असे माझे मत आहे, कारण सोंड्याची मादी जखमांत अंडी घालते आणि गेंड्याने पाडलेले भोक तिला आयतेच मिळते. उपाय मात्र वेगळे आहेत. खतखड्ड्यात मेटाऱ्हिझियम बुरशी मिसळल्याने गेंड्याच्या अळ्या मरतात, पण खोडातल्या सोंड्याच्या अळीपर्यंत ती पोहोचत नाही. कामगंध सापळे दोघांसाठीही मिळतात, परंतु त्यांतील गंध वेगवेगळे असतात, तेव्हा सापळा टांगताना तो कोणत्या जातीचा आहे हे वहीत आधी लिहावे.