ॲक्रिलिकचा जिल्हा-नकाशा: लेझरवर कापूनही घट्ट बसणारे जिगसॉ कसे करावे

ॲक्रिलिकचे जिगसॉ सैल बसते, त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: शेजारच्या दोन तुकड्यांमधली रेघ एकदाच कापलेली असते. लेझरचा किरण त्या रेघेवरचे साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी ॲक्रिलिक वाफ करून उडवतो आणि तेवढी फट कायमची राहते. पॉवर कमी करा, वेग वाढवा, लेन्स बदला, असे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांनी फट थोडी अरुंद होते, पण नाहीशी होत नाही. घट्ट बसणारे कोडे हवे असेल, तर प्रत्येक तुकडा शीटवर सुटा मांडून, किरणाने खाल्लेली जागा भरून निघेल इतका मोठा कापावा लागतो.

मी हे काम महाराष्ट्राच्या जिल्हा-नकाशावर शिकलो. नकाशाच्या तुकड्यांना एकमेकांत अडकणारी गोल डोकी नसतात, सीमेच्या वळणांवरच सगळी पकड असते, त्यामुळे मापातली चूक लपत नाही. ४०० मिमी रुंदीचा नकाशा, ३ मिमी कास्ट (साच्यात ओतून बनवलेले) ॲक्रिलिक आणि कार्बन डायऑक्साइड लेझर, एवढे गृहीत धरून पुढचे लिहितो. निळ्या डायोड लेझरने पारदर्शक ॲक्रिलिक कापले जात नाही. दुकानदाराला शीट ॲक्रिलिकच आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण पीव्हीसी लेझरखाली गेले की आम्लाची विषारी वाफ निघते आणि ती माणसाला व मशीनला दोघांनाही घातक असते.

नकाशाची फाइल २०१४ नंतरची घ्यावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आणि ३५ जिल्ह्यांच्या जुन्या फायली अजून फिरत आहेत. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर ही नावेही तपासून घ्यावीत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर मी एकत्र करतो. या प्रमाणात मुंबई शहराचा तुकडा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद होतो, आणि ३ मिमी जाडीच्या शीटमधून तसा तुकडा कापण्यात अर्थ नाही. सीमारेषा सुलभ करताना प्रत्येक जिल्हा वेगळा घेऊन रेषा साध्या करू नयेत, कारण मग सामायिक सीमा दोन्ही बाजूंना निरनिराळी होते. मॅपशेपरसारखे साधन सामायिक सीमा एकच धरून काम करते, म्हणून मी तेच वापरतो. एक मिलिमीटरपेक्षा बारीक टोके हाताने गोल करावीत, कारण ॲक्रिलिक आतल्या टोकदार कोपऱ्यातूनच तडकते.

आता कापाच्या रुंदीकडे, म्हणजे केर्फकडे, येऊ. बहुतेकांचे काम इथेच बिघडते. कुठल्यातरी तक्त्यातून ०.२ हा आकडा उचलून तो सगळ्या शीटना लावणे ही सर्वांत महागडी चूक आहे. केर्फ शीटनुसार, रंगानुसार, लेन्सच्या स्वच्छतेनुसार आणि फोकसनुसार बदलतो. ज्या शीटमधून कापायचे, तिच्याच कोपऱ्यात १०० मिमी लांब आणि २० मिमी रुंद चौकट काढावी, तिच्यात दर १० मिमीवर एक अशा नऊ आडव्या छेद देणाऱ्या रेघा आखाव्यात आणि सगळे कापावे. शीट थंड झाल्यावर दहाही पट्ट्या एका बाजूला सरकवून उरलेली फट व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजावी आणि अकराने भागावी, कारण नऊ रेघा आणि दोन टोके मिळून अकरा काप झालेले असतात. फट २.२ मिमी आली, तर केर्फ ०.२ मिमी. हीच चाचणी शीटवर काटकोनात फिरवून पुन्हा करावी. किरण अगदी गोल नसतो, त्यामुळे दोन दिशांचे आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. ते जुळले नाहीत, तर मी लहान आकडा धरतो.

यानंतरची पायरी सोपी दिसते, आणि मी फसलो तो इथेच. पुस्तकी हिशेब सांगतो की प्रत्येक तुकड्याची कड अर्ध्या केर्फने, म्हणजे ०.१ मिमीने, बाहेर सरकवावी; या सरकवण्याला ऑफसेट म्हणतात. मी तसेच केले. पुणे आणि अहिल्यानगर एकमेकांना इतके सुरेख बसले की मी उरलेले सगळे जिल्हे एका बैठकीत कापले. रायगड, पुणे, अहिल्यानगर, बीड, परभणी, नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर बसले, पण गडचिरोली नकाशाभोवतीच्या चौकटीत जाईना. दोन तुकड्यांच्या चाचणीत न जाणवणारी शंभरांश मिलिमीटरची चूक नऊ जिल्ह्यांच्या ओळीत साठत गेली होती. प्लायवूड थोडे दबते, ॲक्रिलिक दबत नाही. मी अंगठ्याने जोर दिला आणि चंद्रपूरची एक बारीक जीभ तडकली. म्हणून माझे ठाम मत असे आहे की दोन तुकड्यांच्या चाचणीवर कधीही विसंबू नये, नकाशातली सर्वांत लांब ओळ पूर्ण कापून पाहावी. ऑफसेट अर्ध्या केर्फपेक्षा ०.०१ मिमी कमी, म्हणजे ०.०९ मिमी ठेवावा. त्याने प्रत्येक सांध्यात ०.०२ मिमी मोकळीक राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दहा सांध्यांच्या ओळीत तिची ०.२ मिमी होते, आणि गडचिरोली बसतो.

ऑफसेट दिल्यावर शेजारचे तुकडे एकमेकांवर चढतात, म्हणून शीटवर मांडताना ते किमान २ मिमी दूर सरकवावेत. चौकटीच्या आतल्या कडेला ऑफसेट उलट, म्हणजे आतल्या बाजूला द्यावा. चौकट लाकडाची करायची असेल, तर वेगळा विचार करावा लागतो. तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर ४०० मिमी ॲक्रिलिक जवळजवळ ०.३ मिमी वाढते आणि लाकूड तितके वाढत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये जुळवलेला नकाशा नागपूरच्या मे महिन्यात अडकतो. त्यापेक्षा चौकट त्याच ॲक्रिलिकची करावी.

सहा महसूल विभागांना सहा रंग देण्याचा मोह मला समजतो, मीही तो आवरत नाही. पण कास्ट शीटची जाडी एकसारखी नसते, ३ मिमी म्हणून विकलेली शीट २.८ भरू शकते आणि ३.२ सुद्धा. व्हर्नियर दुकानात घेऊन जावा आणि सारख्या जाडीच्या शीट निवडाव्यात, नाहीतर नाशिक विभाग कोकणापेक्षा उंच दिसेल. प्रत्येक रंगाची केर्फ-चाचणी वेगळी करावी.

फोकस पृष्ठभागाच्या साधारण १ मिमी खाली ठेवला की कड कमी तिरकी येते. नावे आधी कोरावीत, सीमा नंतर कापाव्यात. कापताना वरचा कागद काढू नये आणि मशीनजवळून हलू नये, ॲक्रिलिक पेट घेते.

कापलेले तुकडे स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नयेत. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण साठलेला असतो, आणि अल्कोहोल लागताच तिथे केसासारख्या बारीक चिरा उमटतात. कधी त्या लगेच दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. माझे एक पूर्ण झालेले विदर्भ असेच वाया गेले. सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते.

जुळवताना एखादा जिल्हा अडलाच, तर त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नये. घासलेली कड पांढुरकी होते आणि पारदर्शक रंगात ती लांबूनही दिसते. त्या एकाच जिल्ह्याचा ऑफसेट आणखी ०.०१ मिमीने कमी करून तो उरलेल्या शीटमधून पुन्हा कापावा. त्यासाठी प्रत्येक रंगाची तळहाताएवढी शीट शेवटपर्यंत राखून ठेवावी.