फाइल रिकामी का? आउटपुट बफर असा तपासा

समजा, चिकोडी-अथणीकडं गळीत हंगामात ऊसगाड्यांची वजनं नोंदवायला एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिलीत. टर्मिनलवर प्रत्येक गाडीमागे एक ओळ उमटते. तेच आउटपुट फाइलकडे वळवलं की फाइल बराच वेळ शून्य बाइट! कोडमध्ये चूक नाही. निपाणीचं वडाप शिटं भरल्याशिवाय हलत नाही, तसं प्रिंटचं आहे. अक्षरं आधी मेमरीतल्या बफरात जमतात आणि बफर भरला की एकदम ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. प्रत्येक ओळीसाठी वेगळा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळी हाक, महाग पडतो, म्हणून ही सोय.

आधी पडताळा घ्या. लूपमध्ये खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी, अथणी अशी नावं छापा, प्रत्येक नावानंतर एक सेकंद स्लीप. नुसतं चालवलं तर नावं एकेक करून येतील. आता तीच स्क्रिप्ट पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी नळी) लावून कॅट कमांडला जोडा, ती आलेला मजकूर तसाच पुढं छापते. पाच सेकंद काहीच नाही, मग सगळी गावं एका दमात.

फरक कुठून आला? समोर स्क्रीन असेल तर ओळ संपताच बफर रिकामा होतो. पाइप किंवा फाइल असेल तर तो भरेपर्यंत थांबतो. बफर 8192 बाइटांचा धरा. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळे मोजून, 3 बाइट घेतं, म्हणजे ‘बेळगाव’ 18 बाइट, नवी ओळ धरून 19. सेकंदाला एकदा छापलं तरी फाइलमध्ये काही दिसायला सात मिनिटं जातील.

आता उपाय. फ्लश म्हणजे बफर भरायची वाट न बघता रिकामा करणं. हवी ती ओळ लगेच पाठवायची तर प्रिंटमध्ये फ्लश ट्रू करा, पायथन 3.3 पासून ही सोय आहे. कोडला हात लावायचा नसेल तर पायथन ‘मायनस यू’ हा पर्याय लावून चालवा. सी भाषेत एफफ्लश. पाइपच्या वाटेत ग्रेप ही ओळी शोधणारी कमांड असेल तर तिला लाइन-बफर्ड पर्याय द्यावा लागतो, नाहीतर तीही अडवून धरते. बफरची पद्धत बाहेरून बदलणारी एसटीडीबफ कमांड मात्र पायथनवर चालत नाही, कारण पायथन सी लायब्ररीचा बफर वापरतच नाही.

सरसकट ओळीओळीला फ्लश लावायची हौस मात्र नको. लाखो ओळींच्या कामात वेग पार मरतो. ऊसगाड्यांसारख्या सावकाश येणाऱ्या नोंदी असतील, तर माझ्या मते प्रत्येक गाडीच्या नोंदीनंतर एक फ्लश चालेल. चुकांचे संदेश स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेनं पाठवा, ते असे अडकून पडत नाहीत.

प्रोग्राम नीट संपला तर बफर आपोआप रिकामा होतो. ‘किल मायनस नाइन’ या जबरदस्तीनं बंद करणाऱ्या कमांडनं मारला तर आतलं सगळं गेलं. आणि फ्लश केलं म्हणजे डिस्कवर लिहिलं असंही नाही. मजकूर फक्त कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे पोचतो. वजनकाट्यावर वीज जाण्याची धास्ती असेल, तर फ्लशनंतर ओएस मॉड्यूलमधलं एफसिंकही बोलवा, ते मजकूर डिस्कवर लिहायला लावतं.