दोन देशांच्या आरोग्यव्यवस्था कशा तोलाव्यात: बिलिंग काउंटरवरची पद्धत

‘खाजगी चांगली की सरकारी?’ असं विचारून तुलनेला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही, कारण या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. पैसा कोण गोळा करतं? रुग्णालय कोणाच्या मालकीचं? दर कोण ठरवतं? एकाच देशात या तिघांची उत्तरं तीन दिशांना जाऊ शकतात. जपानमधली बहुतेक रुग्णालयं खाजगी आहेत, पण कुठल्या तपासणीचे किती येन घ्यायचे ते सरकारी दरपत्रकात ठरतं आणि ते दरपत्रक दर दोन वर्षांनी नव्याने निघतं. कॅनडातले बहुतेक डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात, बिल मात्र प्रांताच्या सरकारी योजनेला पाठवतात. इंग्लंडमधले फॅमिली डॉक्टरही बहुतांशी सरकारी नोकर नसतात, ते एनएचएसशी (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेशी) करार करून दवाखाना चालवतात. आणि जिला सगळे बिनदिक्कत ‘खाजगी’ म्हणतात त्या अमेरिकेत माजी सैनिकांची रुग्णालयं सरकारच्या मालकीची आहेत, तिथले डॉक्टर सरकारी पगारावर काम करतात.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर गेली. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक दोन प्रश्न विचारतात: ‘एकूण किती झालं?’ आणि ‘त्यातलं आम्ही किती भरायचं?’ देशोदेशीच्या चर्चांमध्ये पहिल्याच प्रश्नावर वाद झडतात. घर मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तरतं किंवा बुडतं. पैशांपायी पेशंटला दोन दिवस आधीच घरी नेणारी माणसं मी पाहिली आहेत, महिन्याच्या गोळ्यांतल्या निम्म्याच घेणारीही. म्हणून मी कुठल्याही देशाची व्यवस्था वाचायला घेतली की दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. कोणाला शिकायला परदेशी जायचं असतं, कोणाला नोकरीसाठी, कोणाला निबंध लिहायचा असतो. सगळ्यांना मी हीच पद्धत सांगते.

आधी कागदावर चार रकाने

वरचे तीन प्रश्न म्हणजे तीन रकाने. चौथा रकाना ‘सुटून कोण राहतं’ याचा. तो शेवटी भरायचा, कारण त्याचं उत्तर जाहिरातीत किंवा सरकारी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कधीच नसतं.

पैशाच्या रकान्यात ढोबळमानाने चार वाटा दिसतील. पहिली कराची. ५ जुलै १९४८ ला अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना ब्रिटनमध्ये एनएचएस सुरू झाली, ती मुख्यतः करांवर चालते. दुसरी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीची. चान्सलर बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली जर्मनीत तिचा कायदा झाला. आज तिथे मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आहे, वर प्रत्येक आजारपण-निधीची, म्हणजे ही वर्गणी गोळा करून उपचारांचे पैसे देणाऱ्या संस्थेची, थोडी जादा वर्गणी, आणि दोन्हींचा भार मालक आणि कामगार निम्मानिम्मा उचलतात. चौथी वाट सिंगापूरची: १९८४ पासून प्रत्येक कामगाराचं स्वतःचं मेडिसेव्ह बचतखातं, आणि २०१५ पासून मोठ्या आजारांसाठी सगळ्यांना सक्तीचा विमा.

तिसरी वाट मुद्दाम मागे ठेवली, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आणि नेदरलँड्समध्ये २००६ पासून प्रत्येकाला खाजगी विमा कंपनीचाच विमा घ्यावा लागतो. म्हणजे व्यवस्था खाजगी, आणि तरीही सार्वत्रिक. हे शक्य होतं ते कडक नियमांमुळे. मूलभूत विम्यासाठी कंपनी कोणालाही नकार देऊ शकत नाही. तुम्हाला आधीपासून मधुमेह आहे म्हणून हप्ता वाढवू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर या मूलभूत विम्यावर नफा कमावायलाच बंदी आहे. ज्या कंपनीकडे जास्त आजारी माणसं येतात तिला समायोजन निधीतून, म्हणजे कंपन्यांमधला भार समान करणाऱ्या निधीतून, जास्त पैसे मिळतात, त्यामुळे धडधाकट तरुण तेवढे वेचून घेण्याचा मोह कमी होतो. क्लेम नाकारल्याची पत्रं लोकांच्या हातात देण्याचं काम मी केलंय, त्यामुळे ‘नकार देता येणार नाही’ या एका कलमाचं मोल मला फार वाटतं. एखाद्या देशात खाजगी विमा आहे एवढ्यावर थांबू नका. विमा कंपनीला काय करायला बंदी आहे ते शोधा.

मग एक रुग्ण निवडा आणि त्याला देशोदेशी फिरवा

सगळ्या पद्धतीचं मर्म इथे आहे. माझा रुग्ण ठरलेला आहे: पंचावन्न वर्षांचा पगारदार माणूस, मधुमेहासाठी रोजचं इन्सुलिन, घरात बायको आणि दोन शिकती मुलं. त्याच्यावर तीन प्रसंग आणायचे. एक, महिन्याची औषधं. दोन, पडून खुब्याचं हाड मोडलं. तीन, नोकरी गेली.

औषधांपासून सुरुवात करा. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क आहे, पण मधुमेहावर औषधं घेणाऱ्याला सूट-प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे त्याला काहीच भरावं लागत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे शुल्क कोणालाच नाही. कॅनडात मात्र थांबून नीट वाचावं लागतं. १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट डॉक्टर आणि रुग्णालय यांची हमी देतो. रुग्णालयाबाहेर घेतलेली औषधं आणि सर्वसाधारण दंतोपचार त्या हमीत येत नाहीत. तिथले बरेच लोक औषधांसाठी कंपनीने दिलेल्या खाजगी विम्यावर अवलंबून असतात. २०२४ मध्ये मधुमेहाच्या औषधांसाठी संघराज्याने नवा कायदा केला, पण प्रांताशी करार झाला तरच त्याचा लाभ मिळतो. ‘कॅनडात सगळं मोफत’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

आता हाड मोडलं. जर्मनीत रुग्णालयात दिवसाला १० युरो भरायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. नेदरलँड्समध्ये वर्षातले पहिले ३८५ युरो स्वतःचे, ही रक्कम २०१६ पासून तेवढीच ठेवली गेली. फॅमिली डॉक्टरकडे जाणं मात्र त्यातून वगळलंय, म्हणजे पहिल्या पायरीवरच कोणी अडू नये. स्वित्झर्लंडमध्ये प्रौढाला ३०० ते २५०० फ्रँक यांमधली एक वजावट, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, निवडता येते. ती संपली की पुढच्या खर्चाचे १० टक्के, तेही वर्षाला ७०० फ्रँकपर्यंत, शिवाय रुग्णालयात राहण्याचे रोजचे काही फ्रँक. जपानमध्ये या वयाच्या माणसाला ३० टक्के भरावे लागतात. ऐकून छाती दडपते, पण उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि तिच्या वरचा जवळपास सगळा भार विमा उचलतो. टक्केवारी दिसली की पाठोपाठ मर्यादा शोधायची. मर्यादा नसलेले १० टक्के मर्यादा असलेल्या ३० टक्क्यांपेक्षा भयंकर ठरू शकतात.

अमेरिकेतलं बिल वाचायला सर्वांत जास्त वेळ लागतो. २०१० च्या कायद्याखालच्या (‘ओबामाकेअर’च्या) विम्यात वर्षाची कमाल मर्यादा असते, २०२५ साली ती एका माणसासाठी ९,२०० डॉलर होती. पण ती कंपनीच्या जाळ्यातल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, रुग्णालयांपुरती. रुग्णालय जाळ्यातलं आणि भूल देणारा डॉक्टर जाळ्याबाहेरचा, असं झालं की वेगळं बिल घरी यायचं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने ते बरंचसं थांबवलं. रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचं बिल मात्र त्या कायद्याबाहेरच राहिलं. खुब्याचं हाड मोडलेला माणूस रुग्णवाहिकेशिवाय रुग्णालयात कसा पोचेल? बिल ओळीओळीने वाचा म्हणते ते याचसाठी.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. नोकरी गेली की इंग्लंडमध्ये त्याच्या उपचारांत काहीच बदलत नाही. जर्मनीत बेरोजगार भत्ता सुरू झाला की आरोग्याची वर्गणी तिथून भरली जाते. नेदरलँड्समध्ये हप्ता चालूच राहतो, पण कमी उत्पन्नाला सरकारी भत्ता मिळतो आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता मुळातच नाही. जपानमध्ये तो कंपनीच्या विम्यातून नगरपालिकेच्या विम्यात जातो. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय जागच्या जागी राहतात, कंपनीचा औषध-विमा मात्र नोकरीबरोबर जातो. अमेरिकेत बहुतेकदा अख्खा विमाच जातो. तो दीड वर्षापर्यंत चालू ठेवण्याची सोय आहे, पण मग मालकाचा वाटाही स्वतःच भरायचा आणि वर २ टक्के. म्हणजे पगार बंद झाला त्याच महिन्यात हप्ता कैकपट. बाजारातून नवा विमा घेण्यासाठी साधारण ६० दिवसांची मुदत असते, आणि गरिबांसाठीची मेडिकेड मिळेल की नाही ते राज्यावर अवलंबून, कारण तिचा विस्तार सगळ्या राज्यांनी केलेला नाही. आजारपण आणि पगार बंद होणं पुष्कळदा हातात हात घालून येतात. जी व्यवस्था नेमक्या त्याच दिवशी हात सोडते तिला मी तरी चांगली म्हणणार नाही, तिथली यंत्रं कितीही अद्ययावत असोत.

आकडे दिसले की काय विचाराल

आयुर्मानावरून व्यवस्था जोखू नका. त्यात रस्त्यावरचे अपघात, बंदुका, अमली पदार्थ, खाणंपिणं असं सगळं येतं. वेळेवर उपचार मिळाले असते तर टळले असते अशा मृत्यूंचा वेगळा आकडा ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना प्रसिद्ध करते, तो घ्या.

कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाणही फसवू शकतं. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ साली थायरॉइड कॅन्सरच्या निदानांचा दर १९९३ च्या पंधरापट झाला. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. कधीच त्रास न देणाऱ्या गाठी मोजल्या गेल्या, म्हणून ‘वाचलेल्यांचा’ आकडा फुगला. कॅन्सरपुरती तरी तुलना मृत्युदराची करा.

प्रतीक्षायादीचा आकडा पाहताना घड्याळ कुठून सुरू झालं ते विचारा. इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांचं उद्दिष्ट फॅमिली डॉक्टरने पुढे पाठवल्यापासून मोजतात, आणि २०१६ नंतर ते पाळलं गेलेलं नाही. हे अपयश मोठं आहे आणि ते लपवू नये. कॅनडात खुबा बदलण्यासाठी १८२ दिवसांचं उद्दिष्ट आहे, ते मोजलं जातं शस्त्रक्रिया करायचं ठरल्यापासून, त्याआधी तज्ज्ञाची भेट मिळेपर्यंतचा काळ त्यात नाही. दोन आकडे शेजारी ठेवून निकाल दिला तर तो चुकणारच. तातडीचं आणि ठरवून करायचं हेही वेगळं ठेवा. झिजलेल्या खुब्यासाठी महिनोन्‌महिने थांबवणाऱ्या इंग्लंडमध्येच, मोडलेल्या खुब्यावर ३६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर रुग्णालयाला जादा मोबदला द्यायचा नियम २०१० मध्ये आणला गेला. आणि पैसे नाहीत म्हणून जो डॉक्टरकडे गेलाच नाही, तो कुठल्याच देशाच्या प्रतीक्षायादीत नसतो. त्यामुळे ‘रांग नाही’ असं ऐकलं की खर्चाच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांचं प्रमाण त्याच्या शेजारी लिहा.

जागतिक क्रमवारीवर वेळ घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली एक काढली होती, फ्रान्स पहिला आणि अमेरिका सदतिसावी. तिच्यावर इतकी टीका झाली की संघटनेने ती पुन्हा काढली नाही. लोक मात्र अजून तीच उद्धृत करतात.

खर्चाबद्दल एवढंच. २०२३ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १७.६ टक्के आरोग्यावर खर्च केले, जर्मनी-फ्रान्समध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास असतं. अमेरिकेतली माणसं डॉक्टरकडे जास्त जातात म्हणून असं होतं का? जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे तपासलं आणि मुख्य फरक निघाला दरांचा. तीच सेवा तिथे महाग. म्हणून तिसरा रकाना, दर कोण ठरवतं याचा, कधीच घाईत भरू नका.

‘लोकांना थोडं भरायला लावलं की उगाचचे खर्च थांबतात’ हा मुद्दा तुमच्यासमोर येईलच. त्यावर रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात अमेरिकेत खराखुरा प्रयोग केला. भरावं लागलं की लोक कमी उपचार घेतात हे खरं निघालं. पण त्यांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार साधारण सारखेच टाळले, आणि मोफत उपचारांनी गरीब रक्तदाबाच्या रुग्णांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला. काउंटरवर मीही हेच पाहिलं. कुठली गोळी सोडली तर चालेल, हे रुग्णाला ठरवता येत नाही.

चौथा रकाना

आता सुटून कोण राहतं ते लिहा. अमेरिकेत २०२३ मध्ये अंदाजे २ कोटी ६० लाख लोक विम्याविना होते. पण ‘सार्वत्रिक’ म्हणवणाऱ्या देशांतही हा रकाना कोरा नसतो. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीचे महिने मर्यादितच उपचार मिळतात, आणि २०२४ मध्ये ती मुदत १८ वरून ३६ महिने केली गेली. ब्रिटनमध्ये कामासाठी येणाऱ्या बहुतेकांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि कर भरायचा तो वेगळाच. तुम्ही स्वतः जाणार असाल तर आधी त्या देशाच्या नियमांत ‘रहिवासी’ कोणाला म्हटलंय ते शोधा. मग हक्क पहिल्या दिवसापासून लागू होतो की काही महिन्यांनी, आणि बरोबर येणाऱ्या आईवडिलांना तो मिळतो का, हे पाहा. मुलांची बहुतेक ठिकाणी सोय होते, वडीलधाऱ्यांची पुष्कळदा होत नाही. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहून ठेवा, कारण हप्ते, वजावटी आणि मर्यादा बऱ्याच देशांत दर जानेवारीला बदलतात.